सोयाबीनकडे तोंड करून

रेणापूरजवळच्या शिवारात धम्मप्रिया बांधाची मोजणी करायला पोचली, तेव्हा दोघं भाऊ काठ्या घेऊनच उभे होते. हातभर जमिनीपायी बजरंग आणि व्यंकट नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तिनं तिपाईवर यंत्र चढवलं. मग नियमाप्रमाणं बजावलं, “यातून लेझर निघतो. इकडं बघायचं नाही, नजर जाईल.”

दोघांनी झटकन पाठ फिरवली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांची तोंडं एका दिशेला झाली. समोर नुसतं सोयाबीन.

“तुझ्या म्हशीचं काय झालं म्हणं?” बजरंगनं अखेर सोयाबीनला विचारलं.

“व्याली. रेडी हाय,” व्यंकटनंही सोयाबीनलाच सांगितलं.

म्हशीवरून बोलणं गुडघेदुखीवर गेलं, तिथून व्यंकटच्या जावयावर. काठ्या कधीच खाली पडल्या होत्या.

तासाभरानं धम्मप्रियानं खुणेचा दगड रोवला, यंत्र बंद केलं आणि हाक मारली, “झालं काका! आता बघा इकडं.”

“ताई, अजून थोडा येळ चालू ठेवा की,” बजरंग मागं न बघताच म्हणाला, “जावयाचं लई राहिलंय.”