टेपचं दुसरं टोक

नदीकाठच्या जुन्या घरांची मापं घेणं हे थोरलीचं काम. पण त्यातलं सगळ्यात देखणं घर सासर म्हणून मिळालं ते धाकटीला. एकेका कोरीव खांबापाशी थोरलीचा जीव जळत होता.

"धर गं," म्हणत तिने टेपचं टोक दारातून आतल्या खोलीत दिलं. आतून ते धरलं गेलं, टेप ताठ झाली.

"हे घर मलाच शोभलं असतं," थोरली पुटपुटली.

"ताई, चहा." धाकटी मागे उभी होती, दोन्ही हातांत कप.

आतल्या खोलीला दुसरं दार नव्हतं. टेप अजून ताठच होती.

"आत कोण आहे गं?" थोरलीने विचारलं.

आतून थोरलीच्याच आवाजात, मायेने उत्तर आलं, "मीच. ये ना."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं.

थोरली तिला आत जायला वाट देत दारातून बाजूला झाली.