अर्थ लागत नाही

किल्ली फिरवली की गाडी नुसती 'कट्' म्हणायची आणि गप्प बसायची. दीपेशने आपल्या जीपच्या बॅटरीवरून लाल-काळ्या वायरी ओढल्या, चिमटे घासून पुन्हा लावले. पुन्हा 'कट्'.

दीपेश पार गोंधळला. कारण तो कट्टा गावातल्या आपल्या गॅरेजमधून आला होता, तो मुळी गाडी चालू न करण्यासाठी.

सकाळी गुरुजींच्या बायकोचा, यशोदाकाकींचा फोन आला होता. "दीपेशा, ह्येंची आज ओरोसाक आरटीओत लायसनची तारीख आसा. स्वताच गाडी घेवन जातले म्हणतत. परवा दिवसाढवळ्या गाडी गडग्याच्या दगडांर घातल्यानी. कोणाचो तरी जीव जातलो रे! काय पण कर, पण गाडी चालू करू नको."

चिमटा सैल लावून थोडं नाटक करायचं, असं त्याने ठरवलं होतं. नाटकाची गरजच पडेना. दिवे लख्ख लागत होते, हॉर्न अख्ख्या वाडीला ऐकू जात होता आणि सेल्फ मात्र ढिम्म.

"काय रे, बॅटरी गेली?" पायरीवर बसलेल्या गंगाराम गुरुजींनी विचारलं. इस्त्रीचा सदरा, मांडीवर कागदांची पिशवी. त्यांच्याच छड्या खाऊन दीपेश शाळेतून सुटला होता.

"बॅटरी बरी आसा, गुरुजी. ताच कळणा नाय."

"एसटीच्या बशीन जावा," काकी चहा घेऊन येत म्हणाल्या. "नायतर सोडा आता ती गाडी."

"गाडीनच साथ सोडली तर गोष्ट वेगळी. मी आपणाहून स्टेअरिंग सोडूचंय नाय. डोळे माझे ठणठणीत आसत." असं म्हणून गुरुजींनी हात पुढे केला तो कपाच्या वीतभर बाजूला. काकींनी कप गुपचूप त्यांच्या हातात देत विचारलं, "आणि बोटां कसली काळी ही? चुलीची काजळी धुवूक नाय?"

"पाणी तापवताना लागली आसतली," गुरुजी म्हणाले.

दीपेश टॉर्च घेऊन बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकला. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी लोंबत होती. तिचा बोल्ट तुटला नव्हता, कोणी तरी पान्याने नीट काढून नेला होता.

त्याला हसू आलं. काकी भारीच पोचलेली निघाली!

"गुरुजी, अर्थ लागणा नाय."

"अर्थ?"

"आमच्या धंद्यातलो. वीज परत फिरता ती वाट."

"जन्मभर पोरांका अर्थ सांगलंय, आणि माझ्याच गाडीक तो लागणा नाय?" गुरुजी हसले. "मग लाव तो."

दीपेशने मान खाली घातली. गुरुजींशी खोटं बोलायची त्याची ही पहिलीच वेळ, आणि त्याला फार वाईट वाटत होतं. "ह्या मॉडेलचा सामान आता येणा नाय, गुरुजी."

"म्हणजे गाडी संपली."

"तसाच समजा."

गुरुजींनी कागदांच्या पिशवीचे बंद बांधले. "गाडीच नाय तर लायसन कित्याक? हात धुवन येतंय," म्हणाले आणि भिंतीला हात लावत आत गेले.

वायरी गुंडाळून दीपेश अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकाजवळ आला. काकी मागोमाग आल्या.

"काकी, बोल्ट बरो काढलास," तो हळूच म्हणाला. "फोनार सांगलं आसतंस तर माझी अर्धी सकाळ वाचली आसती."

"खंयचो बोल्ट? माका बॉनेट खंयसून उघडता ता पण ठावक नाय. माका वाटला, तूच कायतरी केलंस."

दोघांच्या माना घराकडे वळल्या.

न्हाणीत गुरुजी अजून बोटं घासत होते. काजळी असती तर केव्हाच गेली असती. ग्रीस साबणाला दाद देत नाही.