काकांची पावलं

"सहा वर्षांत रोज जेमतेम दोनशे पावलं!" डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "काकू, अशा नोंदीवर हृदयाची शस्त्रक्रिया मंजूर होत नाही. काकांकडे बघा, रोज आठ हजार!"

शर्मिष्ठाबाईंनी मनगटावरच्या पावलं मोजणाऱ्या पट्टीला हात लावला. सहा वर्षं त्यांनी रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारल्या होत्या, पण नवऱ्याची पट्टी बांधून. एका अंगावर दोन पट्ट्या आल्या की बंद पडत, म्हणून त्यांची स्वतःची पट्टी घरी, दिवाणावर लोळणाऱ्या दिगंबररावांच्या हातात असायची. "माझे गुडघे दुखतात गं, तुला काय, चालायची सवयच आहे," ते म्हणायचे. बायकोच्या त्याच पावलांवर गेल्या वर्षी त्यांना नवे गुडघे मिळाले होते.

"अहो, आता तरी खरं सांगून टाका ना," त्या शेजारी बसलेल्या नवऱ्याला कशाबशा म्हणाल्या.

पट्ट्यांची अदलाबदल उघडकीला आली, तर आपलेही उपचार कायमचे बंद, हे दिगंबररावांना पक्कं ठाऊक होतं. ते नव्या गुडघ्यांवर ताडकन उठले.

"खरं सांगतो डॉक्टर, कानीकपाळी ओरडलो हिच्या," ते म्हणाले, "निदान माझ्याबरोबर तरी चालायला ये म्हणून."