शकुनाची पाटी

शहरातलं जुनं थिएटर पाडू नका म्हणून ओरडणाऱ्या लोकांना नगरपालिकेचे साहेब एवढंच म्हणाले होते, “एक खेळ भरून दाखवा, मग बघू.” आज ते स्वतः दुपारच्या खेळाला येणार होते. पडदा उघडायची वेळ झाली, तरी खुर्च्या रिकाम्याच. म्हातारा डोअरकीपर हातातली बॅटरी उगाच लावत, विझवत होता. तेवढ्यात थिएटर वाचवायच्या मोहिमेतल्या बाई धापा टाकत आल्या. “काका, बाहेर ‘हाउसफुल्ल’ची पाटी कुणी लावली?” “मीच. शकुनाला. पुसून चकाचक केली.” “कपाळ माझं! ती वाचून सगळे घरी गेले!” म्हाताऱ्यानं विचारलं, “आणि साहेब?” “तेही दारातूनच परतले. म्हणाले, संध्याकाळच्या खेळाला जागा धरून ठेवा.” म्हाताऱ्यानं पाटी उतरवून काखोटीला मारली आणि बॅटरी तशीच पेटती ठेवून भर उन्हात, गेलेल्यांना संध्याकाळच्या खेळाला खुर्च्यांवर आणून बसवायला तो रस्त्यानं धावत सुटला.