छातीचं माप

"वहिनी, ह्या खेपेचा दोरा." दिगंबरने तिच्याकडे न बघताच खिशातली गुंडाळी मनोरमेच्या हातावर ठेवली.

क्षयाच्या इस्पितळातली नर्स मनोरमेच्या नवऱ्याच्या छातीभोवती दोरा धरून तेवढाच कापून देई, आणि धाकटा दीर दर महिन्याला भेटून येताना तो घेऊन येई. श्रावणात दोरा छत्तीस इंच भरला होता. बायकांच्या मासिकात पुरुषांच्या स्वेटराचा नमुना आला होता, तो पुढ्यात ठेवून तिने मोठ्या हौसेने निळी लोकर सुईवर घेतली. पाठ विणून होते न होते तोच तेहतीसचा दोरा आला. तिने सगळं उसवलं. मग एकतीसचा आला. पुन्हा उसवलं.

"थोडा सैलच विण, म्हणाला दादा," दिगंबर पुटपुटला.

"सैल स्वेटरात वारा शिरतो, भाऊजी. थंडी तोंडावर आलीय."

तिने दोरा टेपला लावला. अठ्ठावीस. नमुन्यातली मापं तर तिसावरच संपत होती. तिने मासिकाची पानं उलटली, एका पानावर थांबली आणि टाके घालायला लागली.

दुपारी शेजारच्या बर्वेकाकू ओसरीवर येऊन टेकल्या. उघड्या पानावर भोवरा फिरवणाऱ्या पोराचं चित्र होतं आणि खाली छापलं होतं, 'बारा वर्षांच्या मुलासाठी'.

"गोड आहे हो! कुणाच्या मुलाला विणतेस गं?"

मनोरमेने ओळ पुरी केली, सुई फिरवली.

"ह्यांना," ती म्हणाली.