पन्नास वर्षं कोळसा

कोळशाच्या टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी टोकियोची चिनात्सु डोंगरातल्या तोकुजिरो आजोबांच्या कोळसाभट्टीवर आली.

"आजोबा, दात कशाने घासता?"

"पोरी, पन्नास वर्षं कोळशानेच घासले. खसाखसा!"

ती हरखली. "मग हसा की मोकळेपणी!"

"थांब जरा." आजोबांनी खिशातून कवळी काढली, बाहीला पुसून तोंडात बसवली आणि झकास हसले. चिनात्सुने एक सुस्कारा सोडला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

महिन्याभरात स्टेशनवर पोस्टर लागलं: 'पन्नास वर्षं कोळसा. दात बघा!' आजोबांची कॉलर ताठ झाली.

कोळशाने दात झिजतात म्हणून जन्मभर कानीकपाळी ओरडणाऱ्या दंतवैद्य नुमाताने तेच पोस्टर दवाखान्यात लावलं. खाली एवढंच लिहिलं, 'कवळी आमच्याकडची.'