बाटलीतला खडा

"खडा आहे म्हणून सांगा तिले," नरहरी म्हणाला. "किडनीत खडा. बस."

डॉक्टर इरावतींनी पेन खाली ठेवलं. वनमाला बाहेर पाणी भरायला गेली होती, तेवढाच वेळ हाताशी होता.

"काका, गाठ कॅन्सरची आहे. बायकोपासून लपवणार?"

"तिचा भाऊ यातच गेला, मॅडम. महिनाभर अन्नाले शिवली नव्हती ती. पुन्हा ते नाव कानावर पडलं, तर माझ्याआधी तीच जाईन."

मुलगा भार्गव मान खाली घालून बसला होता. त्यालाही शपथ घातलेली होती.

मग डॉक्टरांनी ऑपरेशन समजावलं. पोटाला चार-पाच भोकं, त्यांतून रोबोचे हात आत. त्या स्वतः बाजूला बसून ते हात चालवणार. गाठ तेवढी काढायची, किडनी ठेवायची.

नरहरीनं रेल्वेच्या वॅगन कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवली होती. वर केबिनमध्ये बसून खालचं लोखंड उचलायचं.

"हात मशीनचे, नजर तुमची," तो म्हणाला. "मग जमते."

हिंदीत छापलेला ऑपरेशनचा कागद, आजाराच्या नावासकट, फाइलीत गेला आणि फाइल वनमालाच्या पिशवीत. नरहरी निर्धास्त होता. वनमालानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. लोणच्याच्या बरण्यासुद्धा ती दोऱ्यावरून ओळखायची. लाल दोरा आंब्याचा, पिवळा लिंबाचा.

नवरात्रापासून रोज दुपारी ती शेजारच्या सुजाताकडे भजनाला जाई. एकदा बोटं पांढरी करून आली.

"हे काय?"

"रांगोळी काढून राहिली होती."

फाइल पिशवीत ठेवल्यावर दोन दिवस ती पिशवी घेऊनच भजनाला गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लोकं खडा बाटलीत घालून घरी आणतात म्हणे. तुमचा मले दाखवान ना?"

नरहरी दचकला. "हव, दाखवीन."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोघं तेलीबांधा तलावावर फिरायला गेले. ती बाकावर पाण्याकडे तोंड करून चणे खात बसली. चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं तो वाकला आणि बोराएवढा एक करडा खडा खिशात टाकला.

"काहून वाकले हो?"

"चप्पल."

"सांभाळा," ती म्हणाली आणि चणे पुढे केले.

थिएटरच्या दारात तिनं त्याचा हात घट्ट धरला. "भिऊ नका. खडाच तर आहे."

तीन तास गेले. किडनी वाचली. आठवड्यानं रिपोर्ट आला. गाठ मुळासकट निघाली होती. भार्गव जिन्यात जाऊन रडला.

घरी नरहरीनं बाटली पुढे केली. वनमालानं ती उजेडात धरली, हलवून पाहिली.

"अगं माय! एवढा मोठा? अन् इतके दिवस सोसला तुम्ही?"

तिचे डोळे भरून आले. तिनं बाटली लोणच्याच्या फळीवर ठेवली. नरहरीला हलकं वाटलं, थोडी लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती भजनाला गेल्यावर पेजेबरोबर लोणचं घ्यायला तो फळीपाशी गेला. बरण्यांचे दोरे दिसेनात. प्रत्येकीवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. पेन्सिलीची मोठी, वाकडी अक्षरं होती.

आंबा. लिंबू.

शेवटी छोटी बाटली. तिच्यावरही पट्टी होती.

'तेलीबांधा तलावाचा खडा.'